शून्याची नोंद आणि उत्तराची वाट

राजस्थानातील जैसलमेर, बाडमेर, बिकानेर आणि गुजरातमधील भूज, पालनपूर अशा ठिकाणी केंद्र शासनाच्या टोळधाड इशारा संघटनेची मंडल कार्यालये आहेत. सुमारे २ लाख चौरस किलोमीटर वाळवंटी प्रदेशावर लक्ष ठेवणे, हे त्यांचे काम. कर्मचारी गाडीने आणि पायी वाळवंट तुडवतात, खुरट्या झुडपांत वाळवंटी टोळांची पिल्ले शोधतात आणि अहवाल पाठवतात. १९९३ च्या मोठ्या आक्रमणानंतर तसे संकट थेट २०१९ मध्ये आले. मधल्या २६ वर्षांत तुरळक प्रसंग सोडले, तर बहुतेक अहवालांत एकच निष्कर्ष असे : टोळ आढळले नाहीत. पुढच्याच वर्षी, २०२० च्या मे महिन्यात, टोळांच्या झुंडी विदर्भातील अमरावती आणि नागपूर जिल्ह्यांपर्यंत पोहोचल्या, तेव्हा या सर्वेक्षणाचे मोल साऱ्या देशाला कळले.

वर्षानुवर्षे काहीच सापडत नसताना, वरिष्ठांच्या नजरेपासून शेकडो किलोमीटर दूर असलेला माणूस भर उन्हात झुडूप बाजूला करून का पाहतो? आणि तो पाहणे थांबवतो, ते कशामुळे? हा प्रश्न केवळ वाळवंटाचा नाही. कीड सर्वेक्षणाची प्रत्येक व्यवस्था याच प्रश्नावर उभी आहे.

कार्यालयापासून दूर राहून काम करणारा कर्मचारी म्हटले, की घरी बसून संगणकावर काम करणारी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. कृषी क्षेत्राला मात्र असे सहकारी फार पूर्वीपासून लाभले आहेत. २००८ च्या खरिपात विदर्भ आणि मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर महाराष्ट्रात ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. त्यातील कीड सर्वेक्षक निश्चित आणि यादृच्छिक निवडलेल्या शेतांत जाऊन किडी मोजतात आणि त्या आकड्यांवर सल्ला आधारलेला असतो. कृषी विज्ञान केंद्रांचे क्षेत्रीय कर्मचारी, कामगंध सापळ्यातील पतंग रोज मोजणारे शेतकरी हेही याच साखळीतील दुवे होत. त्यांचा वरिष्ठांशी संबंध मुख्यतः मोबाइलच्या पडद्यापुरता उरतो.

उत्साह ओसरल्यावर काय होते?

असा कर्मचारी निरुत्साही झाला, तरी तो काम सोडतोच असे नाही. तो आकडे पाठवत राहतो; फक्त ते शेतातून येत नाहीत. कीटकशास्त्राच्या अभ्यासकाला असे आकडे बहुधा ओळखता येतात. तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीची मादी पुंजक्याने अंडी घालते आणि लहान अळ्या सुरुवातीला एकत्रच राहतात. त्यामुळे प्रत्यक्ष मोजणीत बरीच झाडे कोरी आणि एखादे झाड अळ्यांनी भरलेले आढळते. बांधावर बसून भरलेल्या तक्त्यात मात्र दोन, तीन, दोन, तीन अशी सारखी वाटणी दिसते. निसर्ग इतका नीटनेटका नसतो.

या खोट्या नीटनेटकेपणाची किंमत शेतकरी मोजतो. कपाशीतील शेंदरी बोंडअळीसाठी सलग ३ दिवस प्रति सापळा ८ पतंग किंवा २० हिरव्या बोंडांपैकी २ बोंडांत अळ्या, ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. सापळ्यात ९ पतंग असताना ५ लिहिले गेले, तर इशारा उशिरा पोहोचतो आणि तोवर अळी बोंडात शिरलेली असते. एकदा ती आत गेली, की वरून केलेली फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. उलट, ५ असताना ९ लिहिले, तर अनावश्यक फवारणी होते, मित्रकीटक मरतात आणि खर्च वाढतो.

यावर प्रशासनाचा नेहमीचा उपाय म्हणजे देखरेख वाढवणे : स्थाननिश्चिती, छायाचित्र, वेळेची नोंद. ही साधने उपयुक्त आहेत, यात शंका नाही. परंतु त्यांची मर्यादाही ओळखली पाहिजे. उपग्रहाधारित स्थाननिश्चिती कर्मचारी शेतात पोहोचला एवढेच सांगते. त्याने पान उलटून पाहिले की नाही, हे सांगत नाही. पान उलटण्याची कृती इच्छेतून होते आणि इच्छा सक्तीने निर्माण करता येत नाही.

उत्तर न येणारी नोंद

ही इच्छा कशाने मावळते? वेतन हे एक कारण निश्चितच आहे. सर्वेक्षकाचे काम बहुधा हंगामी आणि कंत्राटी असते. पेट्रोलचा खर्च आज खिशातून होतो आणि मानधन उशिरा येते. पावसाळ्यात चिखल, विंचू-साप आणि नुकतीच फवारणी झालेल्या शेतात जाण्याचा धोका असतो. वेळेवर मानधन, गमबूट, विमा आणि महिला कर्मचाऱ्यांसाठी सुरक्षित प्रवासाची सोय यांना पर्याय नाही. या गोष्टी न देता प्रेरणेची भाषा करणे ही फसवणूकच ठरेल.

तथापि, हे सर्व मिळूनही कर्मचारी खचतो, याचे दुसरे कारण अधिक खोल आहे. त्याने पाठवलेल्या नोंदीला उत्तर येत नाही. आकडा पाठवला, पडद्यावर हिरवी खूण उमटली आणि संवाद संपला. त्या आकड्याचे पुढे काय झाले, त्यावरून कोणता सल्ला निघाला, हे त्याला कळत नाही. संदेश येतो तो नोंद चुकल्यावरच. अशा एकतर्फी व्यवहारात मनुष्य स्वतःला सहकारी न मानता निव्वळ आकडे भरणारे यंत्र मानू लागतो.

म्हणून सर्वेक्षण यंत्रणेने एक साधा नियम स्वीकारणे हिताचे ठरेल : प्रत्येक सर्वेक्षकाला आठवड्यातून एकदा तरी त्याच्या नोंदीविषयी जाणकार व्यक्तीचे उत्तर मिळावे. ‘तुमच्या दोन गावांत पतंगांची संख्या वाढते आहे, गुरुवारी पुन्हा पाहा’ किंवा ‘तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रातील अळी हिरवी घाटेअळी नसून उंटअळी आहे, चालताना ती पाठ वाकवते ते पाहा’, एवढेही पुरे. त्यात शिक्षण आहे, मान आहे आणि कोणीतरी खरोखर वाचते आहे याची खात्रीही आहे. एखाद्या सल्ल्याला आधार ठरलेल्या गावाचा व निरीक्षकाचा उल्लेख त्या सल्ल्यात करावा. त्यासाठी खर्च काहीच येत नाही.

दुसरा नियम शून्याविषयीचा. ‘कीड आढळली नाही’ ही नोंद अनेकदा निष्क्रियतेचा पुरावा समजली जाते. ज्याचे आकडे मोठे तो कष्टाळू, अशी समजूत बळावते आणि बैठकीत त्याचेच कौतुक होते. याचा परिणाम उघड आहे : हळूहळू सर्वांचेच आकडे मोठे होऊ लागतात. वास्तविक, प्रामाणिक शून्यामुळे शेतकऱ्याची एक फवारणी वाचते. शून्याला मोठ्या आकड्याइतकाच मान मिळाला पाहिजे. नोंदींच्या संख्येवर बक्षीस देण्याची पद्धतही याच कारणास्तव टाळावी.

तिसरा नियम फेरतपासणीचा. काही शेतांची फेरमोजणी आवश्यकच आहे, मात्र ती अचानक टाकलेल्या धाडीसारखी नसावी. शास्त्रज्ञाने सर्वेक्षकासोबत शेतात उतरावे, दोघांनी तीच झाडे स्वतंत्रपणे मोजावीत आणि फरक का पडला यावर तिथेच बोलावे. हंगामात अशा दोन भेटी झाल्या, तरी उरलेल्या आठवड्यांतील फोनवरील संवादाला चेहरा मिळतो.

यंत्रे येतील, माणसे लागतीलच

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र शासनाने कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली सुरू केली. छायाचित्रावरून कीड ओळखण्याची सोय शेतकऱ्याच्या हाती आली, हे स्वागतार्ह आहे. आता सर्वेक्षकांची गरजच काय, असा प्रश्न काही जण उपस्थित करतील. परंतु छायाचित्र कशाचे काढायचे, हे माणूसच ठरवतो. अपरिचित गोष्टीची शंकाही प्रथम माणसालाच येते. २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा परिसरात मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीची भारतातील पहिली नोंद झाली, तीही शेतात उतरून बारकाईने पाहणाऱ्या अभ्यासकांमुळेच.

विस्तार कार्यकर्ते आणि प्रगतिशील शेतकरी यांचाही यात वाटा आहे. शेतात आलेल्या सर्वेक्षकाला ‘काय सापडले?’ एवढे विचारणे, आपल्या सापळ्याची वही त्याला दाखवणे आणि सल्ल्याचा उपयोग झाला किंवा झाला नाही, हे त्याला सांगणे, हीदेखील उत्तरेच होत. शासनाचे उत्तर येण्यास विलंब होईल. शेतकऱ्याचे उत्तर तिथल्या तिथे, बांधावरच देता येते.

येत्या खरिपाच्या पूर्वतयारीच्या बैठकांत सापळे किती, मोबाइल किती, गावे किती, यांचा हिशेब मांडला जाईल. त्याच कागदावर आणखी एक रकाना असावा : आलेल्या नोंदींना उत्तर कोण देणार आणि किती दिवसांत? तो रकाना रिकामा राहिला, तर उरलेल्या रकान्यांतील आकड्यांवर विसंबणे कठीण होईल.