आधी फिटिंग, मग गिअर

विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. त्याआधीचे पंधरा दिवस वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीरच्या सायकल दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. खोकी फुटतात, चाकं चढतात, हँडल फिरतात. आठवीतला पोरगा वडिलांना घेऊन येतो आणि विचारतो, गिअर किती? एकवीस. शॉकर आहे का? आहे. डिस्क दोन्हीकडे? दोन्हीकडे. सौदा तिथेच होतो. रोज किती अंतर जायचं आहे, रस्ता डांबरी आहे की पाणंदीचा, मागे कॅरिअर लावून दळण आणायचं आहे का, पोराचा पाय जमिनीपर्यंत पोचतो का, हे ना गिऱ्हाईक सांगत, ना आपण विचारत. दुकानदार आणि कारागीर वाचकांशी या वेळी त्याच न विचारलेल्या प्रश्नांबद्दल बोलायचं आहे.

माउंटन बाइकचा जन्म कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्याच्या डोंगरांत झाला. सत्तरच्या दशकात तिथल्या काही पोरांनी जुन्या, जड सायकलींना जाड टायर चढवले आणि मातीच्या उतारांवरून त्या खाली सोडल्या. १९७६ साली त्यांची शर्यत सुरू झाली. त्या एका उतारात मागच्या हबच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं आणि खाली पोचल्यावर हब उघडून नव्याने भरावं लागायचं. म्हणजे ही सायकल चालवणाऱ्यांच्या हाती पाना पहिल्या दिवसापासून होता. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची स्टम्पजंपर आली आणि अशी सायकल कारखान्यातून तयार मिळू लागली. आपल्याकडे ती आली ती ‘रेंजर’ या नावाने. कंपनी कोणतीही असो, जाड टायरची सायकल म्हणजे रेंजर. आता तिला गिअरची सायकल म्हणतात. तिच्यासोबत जाड टायर आले, गिअर आले, शॉकर आला. पाना मात्र मागेच राहिला.

वाशीम जिल्ह्याची जमीन डोळ्यांसमोर आणा. अजिंठ्याच्या रांगेचे फाटे, मालेगावकडचे चढउतार, पैनगंगेच्या काठची सपाटी आणि बहुतेक सगळीकडे काळी माती. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो, पण त्यावर सायकलला प्रवेश नाही. अकोल्याहून वाशीममार्गे हिंगोली-नांदेडकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर ट्रकांच्या कडेने जीव मुठीत धरून जावं लागतं. उरतात ते गावरस्ते, मुरमाचे रस्ते आणि पाणंदी. खरं तर जाड टायरच्या सायकलला याहून योग्य मुलूख नाही. पण इथल्या अडचणी कॅलिफोर्नियाच्या नाहीत: पावसाळ्यात चिकटणारी काळी माती, उन्हाळ्यात पिठासारखी बारीक धूळ, वर्षभर बाभळीचे काटे आणि सराटे. सुटे भाग निवडायचे ते हे पाहून.

गिअरपासूनच सुरुवात करू. एकवीस म्हणजे पुढे तीन, मागे सात. त्यातले बरेच जवळजवळ सारखेच असतात. पुढचं चाक ३६ दात्यांचं एकच ठेवलं आणि मागे १४ ते २८ दात्यांचा सात चकत्यांचा फ्रीव्हील असला, तर २६ इंची सायकलवर मिनिटाला साठ पायडल मारून सगळ्यात जड गिअरवर ताशी साधारण १९ किलोमीटर आणि सगळ्यात हलक्यावर साधारण साडेनऊ किलोमीटर वेग मिळतो. शाळा, शेत, बाजार एवढ्यासाठी हे पुरेसं आहे. पुढचा डिरेलर, त्याची केबल, त्याचा शिफ्टर आणि दोन जादा चाकं काढून टाकली की बिघडणाऱ्या गोष्टी कमी होतात आणि चेनही सरळ चालते. चाकं काढल्यावर चेनची लांबी नव्याने बसवायला विसरू नका. गिऱ्हाइकाला हे समजावताना एकविसाचे सात झाले असं न सांगता, ज्या सातांवर तो खरंच चालणार आहे ते नीट चालतील, असं सांगा.

मागच्या ॲक्सलकडे आपलं लक्ष जरा कमीच जातं. स्वस्त गिअरच्या सायकलला मागे आट्यांवर बसणारा फ्रीव्हील असतो. त्यात उजवीकडचे छर्रे हबच्या आत, फ्रीव्हीलच्याही आत बसतात आणि ॲक्सलचा लांब तुकडा आधाराशिवाय बाहेर राहतो. चकत्या जितक्या जास्त, तितका हा तुकडा लांब. त्यावर कॅरिअर, कॅरिअरवर तुरीचं पोतं आणि पुढे खड्डा. ॲक्सल वाकतो, मग चाक डुलतं, मग गिऱ्हाईक म्हणतो रिमचा आऊट काढा. आऊट रिमचा नसतोच. शिमानोने १९७८ साली फ्रीहब आणला आणि त्यात छर्रे पार बाहेरच्या टोकाला नेऊन हा दोष काढला. पण कॅसेटचं चाक महाग पडतं. म्हणून ज्याला रोज ओझं न्यायचं आहे, त्याला बिनगिअरची सायकल द्यावी किंवा पैसे असतील तर कॅसेटचं मागचं चाक. अधेमधे काही नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

शॉकरबद्दल थोडक्यात. कमी किमतीच्या सायकलचा शॉकर म्हणजे नळीत एक स्प्रिंग. ती दबते आणि तितक्याच जोराने परत येते, कारण तिला आवरणारं आत काही नसतं. साध्या चिमट्यापेक्षा वजन किलोभर किंवा त्याहून जास्त. पोरांना तो हवासा वाटतो हे खरं. तरीही साधा चिमटा आणि दोन इंची टायर हीच रोजच्या वापराची जोडी.

आता टायर. कंपनी टायरच्या बाजूवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त हवेचे आकडे छापते. आपल्याकडे किती दुकानांत गेज आहे? अंगठ्याने दाबून हवा भरायची सवय बारीक टायरच्या काळातली आहे. साठ-पासष्ट किलोच्या माणसाला दोन इंची टायरमध्ये मुरमाच्या रस्त्यावर ३५ पीएसआयच्या आसपास आणि डांबरीवर ४५ ते ५० हवा चांगली; टायरवरच्या मर्यादेच्या आत राहून. मुरमावर दगडासारखा फुगवलेला टायर उडतो, पकड सुटते आणि दोष सायकलला जातो. काळ्या मातीसाठी तर जाडीचा हिशोबच उलटा करावा लागतो. २.४ इंची टायर दिसायला दणकट, पण चिमटा आणि टायर यांच्यात बोटभर जागा उरत नाही. पाणंदीत शंभर पावलं जाताच माती तिथे कोंबली जाते आणि चाक फिरेनासं होतं. १.९५ चा, गोट्या विरळ असलेला टायर माती फेकतो. पावसाळ्यात मडगार्ड टायरला चिकटून बसवू नका. जागा नसेल तर काढून ठेवा. काट्यांसाठी ट्यूबमध्ये सीलंट किंवा टायरच्या आत पट्टी, दोन्ही चालतात. पण पंचर काढल्यावर टायरच्या आतून बोटं फिरवून मोडलेला काटा शोधायचं कोणी टाळू नये. सराट्याचं टोक आत राहिलं की दुसऱ्या दिवशी तेच गिऱ्हाईक परत दारात.

चिखलातल्या ब्रेकसाठी डिस्क बरी, यात वाद नाही. रिमवर दाबणाऱ्या ब्रेकमध्ये मातीचे कण रबरात रुततात आणि रिमच खरवडतात. पण तारेवर चालणाऱ्या साध्या डिस्क ब्रेकमध्ये बहुधा एकच पॅड सरकतं, दुसरं जागेवर असतं. पॅड झिजलं की स्थिर बाजूचा स्क्रू फिरवून ते आत घ्यावं लागतं. नुसती तार ताणत राहिलात तर डिस्कची पाती वाकत राहते. पॅडचा मसाला अर्धा मिलिमीटरवर आला की पॅड बदला. आणि डिस्क किंचाळते म्हणून तिच्यावर तेलाचा फवारा मारणं ताबडतोब बंद करा. आवाज जातो, ब्रेकही जातो, आणि तेल प्यायलेलं पॅड पुन्हा भरवशाचं होत नाही. उतारावरून शाळेत जाणाऱ्या पोराच्या जिवाशी खेळ आहे हा.

एवढं झाल्यावर मूळ मुद्द्याकडे येतो. सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेली येते. उरलेली आपण जोडतो. तिचं पुढचं आयुष्य त्या जोडणीवर ठरतं, आणि हंगामाच्या गर्दीत आपण तीच घाईत उरकतो. पुढचा चिमटा उलटा बसवलेल्या नव्या सायकली आजही रस्त्यावर दिसतात. पुढचा डिस्क ब्रेक चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला, चिमट्याच्या मागच्या अंगाला असायला हवा. तो उजवीकडे, पुढच्या अंगाला दिसला की चिमटा उलटा आहे हे ओळखा. चाक पायडलच्या जवळ येतं आणि वळताना बुटाचं टोक टायरला लागतं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते जबरदस्तीने आत घातलं की क्रँक वाया. दोन्ही पायडलच्या आट्यांना ग्रीस लावा. क्रँकचा बोल्ट पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळावा लागतो. ढिल्या बोल्टवर चालवलेला ॲल्युमिनियमचा क्रँक आतून गोल होतो आणि मग कितीही आवळा, तो धरत नाही.

डिरेलर लटकतो तो हँगर तर प्रवासातच वाकलेला असू शकतो. सायकलच्या मागे उकिडवं बसा आणि पाहा: डिरेलरची दोन छोटी चाकं वरच्या चकतीच्या सरळ रेषेत आहेत का, की आत झुकली आहेत? झुकलेल्या हँगरवर स्क्रू आणि केबल कितीही फिरवलीत तरी गिअर बसणार नाही. आधी हँगर सरळ करा, मग एच आणि एल असे लिहिलेले दोन स्क्रू, आणि केबलचा ताण सगळ्यात शेवटी. एलचा स्क्रू मोकळा राहिला तर चढावर सगळ्यात हलका गिअर टाकताच डिरेलर स्पोकमध्ये जातो, आणि एका क्षणात डिरेलर, स्पोक, चेन तिन्ही जातात.

शेवटी सीट. टाच पायडलवर ठेवून पायडल खाली नेलं की पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने चालवताना गुडघ्यात योग्य तेवढा वाक राहतो. सीटच्या दांड्यावर कमीत कमी आत किती हवा त्याची खूण असते. ती बाहेर दिसता कामा नये. पोरगा उंच झाला तर लांब दांडा द्या. हे सगळं करायला सरावलेल्या हाताला अर्धा-पाऊण तास लागतो.

सायकल वापरात आली की चेनची झीज पाहायला फूटभर लांबीची स्टीलची पट्टी पुरते. चेन ताणून धरा, एका पिनच्या मध्यावर शून्य लावा आणि पुढची चोविसावी पिन पाहा. नव्या चेनची ती बरोबर बारा इंचांवर असते. एक षोडशांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदला, फ्रीव्हील वाचेल. एक अष्टमांश गेली असेल तर फ्रीव्हीलही गेला समजा. उन्हाळ्यात चेनवर जळकं ऑइल ओतायची जुनी सवय आहे. त्यात धातूचा कीस आधीच असतो, वर धूळ चिकटते आणि सगळं मिळून चेन घासत राहतं. कापडाने पुसा, प्रत्येक रोलरवर पातळ तेलाचा एकेक थेंब सोडा, बाहेरचं पुन्हा पुसून काढा. आणि गिऱ्हाइकांना सांगा की वॉशिंग सेंटरच्या फवाऱ्याखाली सायकल धरू नका. ते पाणी छर्ऱ्यांमधलं ग्रीस धुऊन नेतं. पावसाळा संपला की हब उघडा. बहुतेक सायकलींत पुढे बाजूला दहा छर्रे ३/१६ इंचाचे, मागे बाजूला नऊ छर्रे पाव इंचाचे असतात. गंजलेले असतील तर सगळे बदला, निम्मे नाही.

यातलं बरंचसं आपल्यापैकी जुन्या कारागिरांना ठाऊक आहे. मग होत का नाही? पैशांमुळे. पंचरचे पैसे गिऱ्हाईक निमूट देतो, कारण भोक त्याला दिसतं. गिअर लावायला अर्धा तास जातो, त्याचे पैसे मागताना आपलीच जीभ अडखळते. मग मजुरी फुकट आणि कमाई सुट्या भागावर, असा धंदा होऊन बसतो. जे आवळून, सरळ करून भागलं असतं ते बदललं जातं. गिऱ्हाइकाला वाटतं गिअरची सायकल खर्चिक, आणि वर्षभरात ती गोठ्याच्या भिंतीला टेकते. नुकसान दोघांचंही. हाताच्या कामाला दर नसला की दुकानातला हुशार पोरगा मोटारसायकलच्या गॅरेजात जातो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी मदत मिळते. २०२२ साली ती ३५०० रुपयांवरून ५००० झाली. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींसाठी ही योजना आहे आणि आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी मुलींची शाळा त्या सायकलवर टिकून आहे. या पैशांत भरवशाची गिअरची सायकल येत नाही. वर थोडे पैसे घालून दिखाऊ गिअर त्यांच्या गळ्यात मारू नका. बिनगिअरची, साध्या चिमट्याची, चांगल्या टायरची सायकल द्या, आणि तिचं फिटिंग दहा हजारांच्या सायकलइतकंच मनापासून करा.

आमची विनंती तीन गोष्टींची आहे. दुकानात मजुरीचा दरफलक लावा: नवी जोडणी, गिअर लावणं, आऊट काढणं, ओव्हरहॉलिंग, प्रत्येकाचा दर वेगळा. जोडणीचा दर सायकलच्या बिलात स्वतंत्र ओळीत लिहा. आणि विकलेली प्रत्येक सायकल एक महिन्याने परत बोलवा, बिलावरच तारीख टाकून द्या. दरफलकाचा नमुना या अंकाच्या शेवटच्या पानावर दिला आहे. कापून भिंतीवर लावा, आपले दर स्वतः भरा आणि शाळा उघडण्याआधी हे एवढं कराच.