इशारा वाडीपर्यंत पोहोचावा

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळून २७ मृतदेह हाती लागले व ५७ माणसे बेपत्ता राहिली, तेव्हा जिल्ह्याला अतिवृष्टीचा इशारा मिळालेला होता. परंतु दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत या ठाकरवाडीचे नावच नसल्यामुळे तो इशारा निद्रिस्त कुटुंबांच्या दृष्टीने निरर्थक ठरला. अमेरिकेत टॉर्नेडोची चाहूल लागताच वाजणारे भोंगेदेखील मुख्यत्वे घराबाहेरील माणसांसाठी असतात, आणि घरातल्यांना सावध करण्यास रेडिओ व भ्रमणध्वनी यांची जोड द्यावीच लागते. तेव्हा पळसदरीपासून खालापूरपर्यंत डोंगरपायथ्याच्या ज्या ज्या वाड्यांत भ्रमणध्वनीचा भरवसा नाही, तेथे पर्जन्यमापक आणि भोंगा बसविण्याची तजवीज तर व्हावीच, पण अपरात्री कचेरीच्या हुकमाची वाट न पाहता वाडी रिकामी करविण्याचा अखत्यारही पोलीस पाटलास द्यावा. वस्ती सोडून कोणत्या शाळेत आश्रय घ्यावयाचा आणि तेथे शिध्याचा व गुराढोरांचा बंदोबस्त कोणी करावयाचा, याचा निर्णय व तालीम जिल्हा प्रशासनाने मृगापूर्वीच उरकली पाहिजे. अन्यथा भोंग्याने भय तेवढे वाढेल, प्राण वाचणार नाहीत.