सहीपूर्वी सल्ला : मेहकरच्या व्यापारी व लघुउद्योजक बंधुभगिनींस जाहीर आवाहन

पैनगंगेच्या काठी, शार्ङ्गधर बालाजीच्या छायेत वसलेल्या आपल्या मेहकर नगरीतील उदीम पिढ्यानपिढ्या तोंडच्या शब्दावर आणि खातेवहीतील नोंदीवर चालत आला, आणि ज्या काळी देणारा व घेणारा एकमेकांचे घराणे ओळखत होते त्या काळी तेवढे पुरेसेही होते. परंतु समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेल्यापासून दूरदूरच्या पेढ्यांशी आपला व्यवहार जडू लागला आहे, आणि त्यांच्याकडून येणारे छापील करारनामे आपण बहुधा न वाचताच सही करून परत पाठवितो. म्हणून सर्वांस कळकळीची विनंती आहे की, व्यापारी कायद्याचा जाणकार वकील तंटा उपस्थित झाल्यावर नव्हे, तर दस्तऐवजावर सही करण्यापूर्वी गाठावा.

भागीदारीचेच पाहा. दोघे भाऊ किंवा दोघे स्नेही मिळून डाळ मिल अथवा कृषी सेवा केंद्र काढतात, परंतु फर्मची नोंदणी करीत नाहीत. १९३२ च्या भागीदारी अधिनियमाचे कलम ६९ असे आहे की, अनोंदणीकृत फर्मला करारापासून उत्पन्न होणारा हक्क बजावण्यासाठी तिऱ्हाइतावर दिवाणी दावा लावता येत नाही. म्हणजे माल खरा, येणे खरे, आणि तरीही न्यायालयाचे दार बंद! शिवाय अन्यथा करार नसल्यास एका भागीदाराच्या मृत्यूने फर्मच विसर्जित होते, आणि मागे राहिलेल्या विधवेस व मुलांस हिशेब मागत फिरावे लागते. चार कलमे वेळीच लिहून घेतली असती तर टळले असते असे हे दुःख आहे.

उधारीची गोष्टही तशीच. विकलेल्या मालाच्या किमतीचा दावा सामान्यतः ३ वर्षांच्या मुदतीत लावावा लागतो. भिडेखातर तगादा न करणाऱ्याचे येणे त्या मुदतीनंतर बुडते, मात्र मुदत संपण्यापूर्वी ऋणकोच्या सहीची लेखी कबुली घेतल्यास ती नव्याने सुरू होते. धनादेश न वटल्यास बँकेची खबर मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस जावी लागते. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकास तर २००६ च्या अधिनियमाने फार मोठा आधार दिला आहे : खरेदीदाराने ४५ दिवसांच्या आत पैसे चुकते न केल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते, आणि त्यासाठी त्याच अधिनियमाखालील सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. निव्वळ खरेदीविक्री करणाऱ्यास हा लाभ सहसा मिळत नाही. आपण कोणत्या वर्गात मोडतो, हेदेखील जाणकाराकडूनच समजून घ्यावे.

जामीनकीच्या कागदाविषयी विशेष सावध राहावे, कारण अन्यथा ठरले नसल्यास जामीनदाराचे दायित्व मूळ ऋणकोइतकेच असते.

वकिलाची फी परवडणार नाही, ही शंका रास्त आहे. तथापि एकट्यास जड जाणारा खर्च एकाच गल्लीतील अथवा एकाच धंद्यातील दहापंधरा जणांनी वाटून घेतल्यास हलका होतो. सर्वांनी मिळून एका वकिलाशी वार्षिक मेहनताना ठरवावा, आणि परस्परांविरुद्धच्या प्रकरणांत तो कोणाचीच बाजू घेणार नाही, असे आरंभीच लिहून घ्यावे. ज्या भगिनी गृहउद्योग किंवा शिवणकामाचा व्यवसाय चालवितात त्यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमान्वये, उत्पन्नाची अट न लागता, मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे. त्यांनी तालुका विधी सेवा समितीकडे अवश्य अर्ज करावा.

या दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी प्रत्येकाने आपले भागीदारीपत्र, दुकानाचा भाडेकरार, कर्जाचे व जामीनकीचे कागद आणि थकलेल्या येण्यांची यादी एकत्र करून वकिलास एकवार दाखवावी.