राजांचीं दुखणीं आणि आपला न्याय

थोर पुरुष अकालीं गेला, कीं त्यामागें कोणाचा तरी हात असावा अशी शंका लोकांस येते. ज्यांनीं १६५७ सालीं आपलें कल्याण-भिवंडी स्वराज्यांत आणिलें, ते छत्रपति शिवाजी महाराज ३ एप्रिल १६८० रोजीं रायगडावर वयाच्या अवघ्या ५० व्या वर्षीं वारले. तेव्हां राणी सोयराबाईंनीं विषप्रयोग केला अशी वदंता उठली, व ती आजहि कित्येकांच्या तोंडीं आहे.

आतां पुरावा पाहूं. कृष्णाजी अनंत सभासद आपल्या बखरींत ज्वराची व्यथा सांगतात. ही बखर सोयराबाईंचे पुत्र राजाराम महाराज यांच्या आज्ञेनें लिहिली गेली, म्हणून चतुर विद्यार्थी तिजविषयीं शंका घेईल. परंतु मुंबईकर इंग्रजांस राणीची भीड नव्हती. त्यांच्या एप्रिल १६८० च्या पत्रांत, महाराज बारा दिवस आजारी राहून रक्तातिसारानें वारल्याचें कळतें, असा मजकूर आहे.

ज्वर व रक्तातिसार हीं दोन्ही लक्षणें आमांशाच्या एका प्रकारांत आढळतात. विषमज्वरांतहि कधीं कधीं आंतड्यांतून रक्त जातें. उलटपक्षीं, सोमल पोटांत गेल्यानेंहि रक्ताचे जुलाब होतात. सारांश, केवळ या लक्षणांवरून रोगाचें नांव ठरत नाहीं आणि विषहि सिद्ध होत नाहीं.

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा २०१२ सालीं सांपडला, आणि त्याच्या कमरेपाशीं असलेल्या मातींतील अंड्यांवरून त्याच्या पोटांत जंत होते हें कळलें. महाराजांच्या देहास अग्नि दिला गेला. आपल्यापाशीं कागद तेवढे उरले. कागद एकमुखी असले तर तेहि पुरेसे होतात. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें राजयक्ष्म्यानें वारले. त्यांचें दुखणें दीर्घकाळ सर्वांच्या डोळ्यांदेखत चाललें होतें, म्हणून तेथें वाद उरत नाहीं.

राजारामांस गादीवर बसविण्याचा बेत झाला, हें खरें. परंतु हेतु असणें निराळें व कृत्य करणें निराळें. सोयराबाई १६८१ मध्येंच निवर्तल्या. त्या आपली बाजू मांडावयास येणार नाहींत. जिवंत मनुष्यास पुराव्यावांचून खुनी म्हणणें आपण अन्याय समजतों. मग मृतास वेगळा न्याय कां लावावा? मुलांस ही कथा सांगतांना पालकांनीं ‘असें म्हणतात’ आणि ‘असें ठरलें आहे’ यांतील भेद अवश्य सांगावा. इतिहासाच्या अभ्यासाचें तें पहिलें फळ होय.