कप आणि किटली

दुधाचा हिशेब आमची ही कॅलेंडरवर मांडते. एका रुपयाची चूक सापडायची नाही. निवडणुकीचा कायदाही तसाच कडक, बरं का! अर्ज भरल्यापासून निकालापर्यंत उमेदवाराने रोजचा खर्च लिहायचा. पांढऱ्या पानांवर खर्च, गुलाबीवर रोकड, पिवळ्यावर बँक. कार्यकर्त्यांच्या चहाचीसुद्धा पावती हवी! निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दिला नाही आणि कारणही पटलं नाही, तर तीन वर्षं अपात्र. लोकसभेला मोठ्या राज्यांत मर्यादा ९५ लाखांची, २०२२ पासून.

आणि पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला? मर्यादाच नाही! म्हणजे उमेदवाराने कप मोजायचे, पक्षाने किटली हवी तेवढी ओतायची. अहो, आधी किटलीवर खूण करा, मग आमच्यापुढे कप मोजा!