एकविसावी ओवी कोठे गेली?

पवित्र शास्त्र काय म्हणते आणि त्याला काय म्हणायचे आहे, या दोन गोष्टी नेहमीच एक नसतात, असे आम्ही म्हटले की काही सज्जनांच्या कपाळावर आठ्या पडतात. छापलेला शब्द डोळ्यांसमोर असताना अर्थ धुंडाळायचा कशाला, असा त्यांचा रोकडा सवाल असतो.

पापास कारण होणारा डोळा उपटून टाकावा, असे डोंगरावरील प्रवचनात आहे. अक्षराला चिकटून राहणारी पुष्कळ माणसे आमच्या पाहण्यात आहेत. सर्वांचे दोन्ही डोळे शाबूत आहेत! पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नये, हे मत्तयाच्या २३व्या अध्यायातील वचन पुढे करून ‘तुम्ही धर्मगुरूंना फादर कसे म्हणता?’ असे विचारीत दारोदार फिरणारे प्रचारक आपल्या धर्मग्रामस्थांना परिचित आहेत. हे लोक स्वतःच्या बापाला काय म्हणून हाक मारतात? त्या अध्यायात प्रभू येशू मानासाठी आणि मुख्य आसनांसाठी हपापलेल्या शास्त्री-परूशांचा समाचार घेत आहे. संत पौल तर करिंथकरांना आपण त्यांचा पिता झालो असे निःसंकोच लिहितो.

येथवर वाचून आमचे वाचक सुखावले असतील. परंतु हा दोष शेजाऱ्याच्याच घरात आहे असे नाही.

पत्नीने पतीच्या अधीन असावे, ही इफिसकरांस पत्राच्या ५व्या अध्यायातील २२वी ओवी ज्यांनी बायबल कधी उघडले नाही त्यांनाही पाठ असते. पगार कोणाच्या हाती द्यायचा या वादात ती सांगितली जाते. मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला परत पाठवतानाही तीच सांगितली जाते, आणि सांगणारे तिचे स्वतःचे आईबाप असतात. घराण्याची अब्रू राखायची आणि वर शास्त्राचा आधारही मिळवायचा, असा हा दुहेरी व्यवहार आहे.

मग २१वी ओवी कोठे गेली? ख्रिस्ताचे भय बाळगून सर्वांनी एकमेकांच्या अधीन व्हावे, असे तिच्यात आहे. सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांपैकी काहींत २२व्या ओवीला स्वतःचे क्रियापदच नाही; ते २१व्या ओवीतून घ्यावे लागते. म्हणजे ही ओवी एकटी उचलली तर तिचे वाक्यसुद्धा पूर्ण होत नाही. नव्या करारातील ओव्यांचे आजचे आकडे रोबेर एतिएन या मुद्रकाने १५५१ साली घातले. मुद्रकाच्या आकड्याने पाडलेल्या तुकड्याला आपण स्वतंत्र आज्ञा मानून बसलो आहोत.

आणि २५व्या ओवीपासून अध्याय संपेपर्यंत पत्राचा रोख बहुतांशी नवऱ्यांकडे आहे. ख्रिस्ताने ख्रिस्तसभेसाठी स्वतःला अर्पण केले, तशी प्रीती त्यांनी करावी. पत्नीला स्वतःच्या शरीराप्रमाणे जपावे. घरात पुरुषाने सत्ता गाजवावी हे त्या काळी कोणाला शिकवावे लागत नव्हते. नवे होते ते हे, आणि नेमके तेच आपण गिळून टाकले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी स्त्रियांच्या प्रतिष्ठेवरील १९८८च्या प्रेषितीय पत्रात स्पष्ट केले की येथील अधीनता परस्परांची आहे. ते किती घरांत पोहोचले?

अर्थ शोधू लागलो तर जो तो सोयीचा अर्थ काढील, हा आक्षेप आम्ही ऐकून आहोत. सोय तर सुटी ओवी उचलण्यातच अधिक आहे! दैवी प्रकटीकरणाविषयी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली संमत केलेला दस्तऐवज सांगतो की लेखकाच्या मनातील अर्थ शोधावा, त्याच्या काळची लेखनपद्धती पाहावी आणि संपूर्ण शास्त्राची एकवाक्यता ध्यानी घ्यावी. हे काम कष्टाचे आहे. त्यात मनमानीला वाव कमी होतो.

आमची मागणी मोठी नाही. विवाहपूर्व मार्गदर्शनात हा उतारा २१व्या ओवीपासून ३३व्या ओवीपर्यंत सलग वाचला जावा, आणि तो नियोजित वराने मोठ्याने वाचावा. ज्यांना एवढा वेळ नसेल, त्यांनी माहेरी आलेल्या मुलीसमोर बायबल उघडू नये. तिला आधी जेवू घालावे.