दुसऱ्या मोगलीची बाजू

मराठीत ‘सावत्र’ हा शब्द फार लवकर तोंडात येतो. एखादी गोष्ट पहिली नसली, किंवा पहिल्यासारखी नसली, की ती सावत्र. मग तिच्यात काय आहे हे पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. काय नाही याचीच यादी तयार होते. नाटक, चित्रपट, कादंबरी, सर्वांच्या मागाहून आलेल्या भावंडांच्या नशिबी हेच येते. प्रस्तुत लेखात मी अशाच एका सावत्र लेकराची वकिली करणार आहे. ते लेकरू म्हणजे २०१० साली आलेली ‘जंगल बुक’ ही नवी मालिका. विषय पोरकट आहे, असे काही वाचकांना वाटेल. परंतु न्याय करण्याची सवय लहान विषयांवरच लागते, असे माझे मत आहे.

आधी थोडी वंशावळ पाहू. मोगलीची कथा लिहिणारा रुडयार्ड किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मला. ‘जंगल बुक’ त्याने लिहिले ते मात्र अमेरिकेत बसून. ते १८९४ साली प्रसिद्ध झाले. कथेतले जंगल मध्य प्रदेशातील सिवनीचे आणि नदी वैनगंगा. हीच वैनगंगा पुढे आपल्या जिल्ह्यात येते, चपराळ्याजवळ वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ गोदावरीत विसावते. म्हणजे मोगली ज्या नदीकाठी वाढला, तिचेच पाणी आपल्या घाटावरून वाहते. या नात्याने तरी मोगलीच्या खटल्यात साक्ष देण्याचा अधिकार आपल्याला आहे.

या कथेवर जपानमध्ये १९८९ साली बावन्न भागांची ॲनिमे मालिका निघाली. आपल्या दूरदर्शनवर ती १९९३ साली हिंदीतून आली. आमच्या कित्येक प्राध्यापकांचे बालपण त्या रविवार सकाळींनी भारलेले आहे. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, दूरदर्शनने ती पुन्हा दाखवली आणि आमच्या पिढीलाही तिचे वेड लागले. त्या मालिकेची थोरवी मी नाकारत नाही. तिच्यात कथा भागाभागाने पुढे सरकते आणि मोगली चुकत, शिकत वाढतो.

नवी मालिका तयार झाली ती हैदराबादच्या डीक्यू एंटरटेनमेंट या संस्थेच्या पुढाकाराने, परदेशी संस्थांच्या भागीदारीत. तिची चित्रे संगणकावर घडवलेली त्रिमितीय, आणि एकेक भाग जेमतेम अकरा मिनिटांचा. तिचे नाव काढताच आमच्या वसतिगृहात नाके मुरडली जातात. आरोप साधारण तीन आहेत: तिच्यात ते गाणे नाही, तो शेरखान नाही, आणि ती मूळ कथेशी इमान राखत नाही. या तिन्ही आरोपांची एकदा थंड डोक्याने उलटतपासणी व्हायला हवी.

गाण्याचे आधी घेऊ. ते गाणे लिहिले गुलजारांनी आणि त्याला चाल दिली विशाल भारद्वाज यांनी. शेरखानाला आवाज दिला नाना पाटेकरांनी. यातले जपानी मालिकेत काहीच नव्हते! ज्या दोन गोष्टींसाठी आपण जुन्या मालिकेवर जीव टाकतो, त्या दोन्ही तिला आपल्याकडे मागाहून मिळाल्या. म्हणजे आपले प्रेम निव्वळ ‘मूळ’ कृतीवर कधी नव्हतेच. कोणीतरी तिच्यावर मन लावून चढवलेल्या दुसऱ्या साजावर ते होते. मग केवळ दुसरेपणाबद्दल नव्या मालिकेला दोष कसा द्यायचा? फार तर इतकेच म्हणता येईल, की तिला असे कवी, संगीतकार आणि नट लाभले नाहीत. हे तिचे दुर्दैव आहे, गुन्हा नव्हे.

आता मूळ कथेशी इमानाचा प्रश्न. जपानी मालिकेत मोगलीचा एक सवंगडी तांबडा पांडा आहे. हा प्राणी हिमालयात राहतो. सिवनीच्या सागवनात तो कधी कोणी पाहिलेला नाही. त्याबद्दल आजवर कोणी तक्रार केली का? नाही. कारण तो गोड होता, आणि आपण लहान होतो. जी सूट पहिल्या मालिकेला बिनबोभाट मिळाली, तीच दुसरीला नाकारायची, हा कोणता न्याय?

तरीही नव्या मालिकेत दोष आहेत, आणि ते सांगितलेच पाहिजेत. तिच्यातले जंगल फारच धुतल्या-पुसल्यासारखे आहे. प्राण्यांच्या अंगावर चकाकी आहे, पण धूळ नाही. मोगली प्रत्येक भागाच्या शेवटी होता तेथेच परत येतो. तो वाढत नाही. मोठ्या प्रेक्षकाला हे अळणी वाटणारच. पण ही मालिका मोठ्यांसाठी केलेलीच नाही, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला गेल्या आठवड्यात काय घडले ते नेहमीच आठवते असे नाही. त्याला एक अडचण, एक युक्ती आणि सुखरूप घरी परतणे, एवढे अकरा मिनिटांत हवे असते. सलग काही भाग पाहिल्यावर माझ्या ध्यानात आले, की ही मालिका तेवढेच काम अंगावर घेते आणि ते नेटके पार पाडते.

याला आपल्या भागात आणखी एक अर्थ आहे. शहरातल्या मुलाला शेरखानाची भीती ही मौज असते. आपल्याकडे मोहफुले वेचायला, तेंदूपत्ता तोडायला आई पहाटे खरोखरीच्या जंगलात जाते, आणि जिल्ह्याच्या उत्तर भागात वाघाने माणसे मारल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांत वारंवार आल्या आहेत. तिची वाट पाहणाऱ्या लेकराला अंगावर काटा आणणारा आवाज ऐकवण्याची गरज नसते. रात्री सगळे जण आपापल्या गुहेत परतले, हे दिसणे त्याच्या दृष्टीने थोडेथोडके नाही.

साहित्याचे विद्यार्थी म्हणून आपण किपलिंगकडून आणखी एक गोष्ट शिकावी. त्याने १८९५ साली ‘दुसरे जंगल बुक’ काढले. शेरखान तर पहिल्याच पुस्तकात म्हशींच्या पायाखाली चेंगरून मेला होता. ‘आता उरले काय?’ असे म्हणून ज्याने दुसरे पुस्तक मिटले, त्याला दख्खनहून चालून आलेल्या रानकुत्र्यांशी वैनगंगेकाठी झालेली लांडग्यांची झुंज दिसली नाही, अकेलाचा मृत्यू दिसला नाही, आणि तरुण मोगली जंगल सोडून माणसांत जातो ती ताटातूटही दिसली नाही. माझ्या मते मोगलीकथेचा गाभा या दुसऱ्या पुस्तकातच आहे.

आपल्या मराठीतही हेच घडते. ‘कोसला’ (१९६३) वाचून भारावलेला वाचक नेमाड्यांची ‘बिढार’ (१९७५) उघडतो आणि तिच्यात पांडुरंग सांगवीकर शोधू लागतो. तेथे भेटतो चांगदेव पाटील. वाचक हिरमुसतो, पुस्तक बाजूला ठेवतो आणि चार कादंबऱ्यांच्या मोठ्या प्रवासाला मुकतो. दोष चांगदेवाचा नसतो. दाराशी आलेल्या पाहुण्याला आपण दुसऱ्याच माणसाच्या नावाने हाक मारलेली असते.

मित्रहो, हे सारे मी इतक्या पोटतिडकीने का लिहितो आहे? कारण पाहण्याआधीच निकाल लागणे म्हणजे काय, हे सिरोंचाच्या माणसाला कोणी शिकवायला नको. आपला गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला, आणि आपण त्या जिल्ह्याच्याही दक्षिण टोकाला, मुख्यालयापासून सुमारे २०० किलोमीटरवर. येथली बदली म्हणजे शिक्षा, असे सरकारी नोकरांत म्हटले जाते. घरी तेलुगू बोलणारा आपला विद्यार्थी बाहेरगावी गेला की त्याच्या मराठीतले हेल आधी मोजले जातात, तो काय म्हणतो ते नंतर ऐकले जाते. कधी ऐकलेही जात नाही. नागपूर-पुण्याच्या नमुन्याशी ताडून पाहिले की आपण नेहमीच उणे भरतो. या अन्यायाबद्दल आपण तावातावाने बोलतो, आणि बोललेच पाहिजे. परंतु जो स्वतःसाठी दुसरी नजर मागतो, त्याने ती इतरांनाही द्यायला नको का?

माझे मागणे मोठे नाही. आवडत नाही असे म्हणण्याचा हक्क सर्वांना आहे. तो मलाही हवा आहे. मात्र त्याआधी निदान तीन-चार भाग पाहावेत, ही कृती कोणासाठी आहे हे विचारावे, आणि तिने जे काम अंगावर घेतले त्याच कामात तिला गुण द्यावेत. एवढे करूनही ती नापास झाली तर खुशाल नापास करा. जुन्या मालिकेचे सिंहासन तरीही अढळच राहील. फक्त धाकट्या भावंडाला दाराबाहेर उभे ठेवून त्याची परीक्षा घेऊ नका. त्याला आधी घरात घ्या, बसायला पाट द्या, आणि मग काय विचारायचे ते विचारा.